पांढऱ्यावर पांढरी पानं

रत्नप्रभाने पिशवीतून साडी बाहेर काढली आणि तिचा हात थांबला. साडी कोरी पांढरी होती. बुट्टी नाही, काठ नाही, रंगाची एक रेघसुद्धा नाही. तिने दारातल्या माणसाकडे पाहिलं. उंच, सावळा, टेलिफोन खात्याचा खाकी शर्ट. चेहऱ्यावर दुःख काही दिसत नव्हतं, पण काही माणसं दाखवत नाहीत.

तिने आवाज हलका करून विचारलं, "कोण गेलं?"

"कुठे?"

"म्हणजे... घरातलं. कोण वारलं?"

तो क्षणभर गोंधळला आणि मग हसायला लागला. "कोणी नाही वारलं. लग्न आहे. नवरीची साडी आहे ही."

रत्नप्रभाला वाटलं, शिलाई मशीनखाली जाऊन बसावं. ती मालवणकडची. तिच्या घरी पांढरं लुगडं बाईच्या अंगावर एकाच कारणाने चढायचं. घाटकोपरच्या त्या टेकडीवर बौद्धांची वस्ती दोन गल्ल्यांपलीकडेच होती. रोज नळावर त्या बायका भेटायच्या, तरी त्यांची नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते हे तिला ठाऊक नव्हतं. शेजारी राहूनही माणूस किती थोडं विचारतो!

"माफ करा हं," ती म्हणाली.

"असू द्या. माझंच लग्न आहे. वैशाखी पौर्णिमेला. मी मेल्यावर पुन्हा येईन, तेव्हा विचारा."

तिला हसू आवरलं नाही. तिथूनच सगळं सुरू झालं.

त्याचं नाव शिवदास. त्याचे आईवडील लहानपणीच गेले होते. करमाळ्याकडच्या राजाराममामांनी त्याला वाढवलं, शिकवलं आणि त्यांच्याच मुलीशी, शकुशी, त्याचं लग्न ठरलं होतं. नवरीचे कपडे मुलाकडून जायचे. आई नाही, बहीण नाही, म्हणून तो स्वतःच आला होता. साडीला शोभेल असं काही करा, आणि ब्लाउज असा शिवा की गावात कुणी पाहिला नसेल, एवढंच त्याचं म्हणणं.

मापाचा ब्लाउज मात्र त्याने आणला नव्हता. शिंपिणीकडे जाताना जुना, अंगाला नीट बसणारा ब्लाउज न्यावा लागतो, हे त्याला कोण सांगणार?

"अंगाने कशी आहे?" रत्नप्रभाने विचारलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ. मग नजर वळवून म्हणाला, "तुमच्याएवढीच असेल..."

"गळा कसा आवडतो? बाही?"

"माहीत नाही."

"अहो नवरदेव, काहीतरी माहीत असेल ना?"

"तुम्हाला काय आवडेल?" त्याने विचारलं.

हा प्रश्न रत्नप्रभाला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. गिरण्यांचा संप झाल्यापासून वडील, दत्ताराम, घरीच बसून होते. घर तिच्या मशीनवर चालत होतं. इतरांच्या आवडीचे गळे आणि इतरांच्या आवडीच्या बाह्या, यातच तिचा दिवस जायचा. तिने विचार केला आणि सांगितलं... बाही कोपरापर्यंत, गळा पुढून बंद, पाठीवर गाठीची नाडी. आणि साडीच्या काठाला पांढऱ्याच दोऱ्याने भरलेली वेल. लांबून दिसायची नाही. जवळ येईल त्यालाच दिसेल.

"झकास," तो म्हणाला. "वेल कसली?"

ते मात्र तिला सुचेना. दुसऱ्या दिवशी तो कामावरून परतताना आला आणि तिच्या मशीनवर एक पिंपळाचं पान ठेवून गेला. विहाराच्या अंगणातलं होतं. त्यांच्यात या पानाला मान आहे, हे त्याने सांगितलं. रत्नप्रभाने ते कापडाखाली धरलं, शिसपेन्सिल कडेकडेने फिरवली, आणि शेपटासारखं लांब टोक असलेलं ते पान साडीवर उतरलं.

मग तो येतच राहिला. कधी दोरा घेऊन, कधी नुसताच. पांढऱ्यावर पांढरं भरायचं म्हणजे डोळे दुखतात. टाका कुठे पडला हेच दिसत नाही. तो गॅलरीत उभा राहून साडीचा काठ उजेडासमोर ताणून धरायचा आणि ती भरायची. मध्ये फक्त कापड असायचं. कोऱ्या कापडाचा खळीचा वास, उन्हाने तापलेले पत्रे, आणि कापडातून दिसणारी त्याच्या बोटांची सावली.

"टेलरबाई, टाका वाकडा गेला."

"तुम्ही हललात."

"मी? मी तर श्वाससुद्धा घेत नाही."

"घ्या हो, श्वास. तुमचं लग्न आहे."

असं म्हटलं की तो काठ आणखी ताणून धरायचा. पुढेपुढे तीही ते म्हणेनाशी झाली.

ब्लाउज तयार झाला त्या दुपारी तिने दार लोटून तो स्वतः घातला. माप तिचंच होतं, दुसऱ्या कुणाच्या अंगावर बघणार? साडीही नेसली. वेल पायाशी नीट पडते का, एवढंच बघायचं होतं. आरशात बघताना मात्र ती वेलीकडे बघायचं विसरली.

दार उघडलं. आई, जानकी, पाण्याची कळशी घेऊन आत आली आणि जागच्या जागी उभी राहिली. तिच्या मागे गॅलरीत शिवदास होता.

"ह्या काय नेसलंस गो?" आईने कळशी तिथेच टेकवली. "पयलां तां उतरव."

शिवदासने आईचं बोलणं ऐकलंच नाही बहुतेक. तो नुसता बघत होता. मग एकदम वळला आणि जिना उतरून गेला.

दोन दिवसांनी आला तो गॅलरीतच थांबला. खालच्या आवाजात म्हणाला, "मी मामांशी बोलणार आहे. ते शकुला ब्लाउज घालून बघायला घेऊन येतायत. तेव्हाच बोलतो."

काय बोलणार, हे तिने विचारलं नाही. तिच्या हातातली सुई कापडात तशीच राहिली. घरी काय होईल, हे तिला कळत होतं. जात, चाळ, आईचा चेहरा... तरी त्या रात्री तिला वाटलं, हो म्हणावं. एकदा तरी स्वतःच्या मापाचं काहीतरी घ्यावं.

रविवारी शकु आली. राजाराममामा बाहेर दत्तारामांशी बोलत बसले. जाड काचेचा चष्मा, विरलेलं धोतर, आणि जावयाचं नाव घेताना उजळणारा चेहरा.

शकु बारीक चणीची होती. ब्लाउज तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबला.

"लई सैल हुतोय वो, ताई," ती हसत म्हणाली. "दाजींनी कुणाचं माप दिलं?"

रत्नप्रभा टाचण्या लावत राहिली. शकु बोलत होती. दाजी मुंबईला शिकायला निघाले तेव्हा बानं बैलजोडी विकली. मग दोन वर्षं बा आणि ती, दोघांनी औत ओढलं. तेव्हापासून बाचा खांदा वर होत नाही. "पण बा म्हणतो, पोरगं मार्गी लागलं." तिने काठ उचलून डोळ्यांजवळ नेला आणि तिचा आवाज एकदम हळू झाला. "पिंपळाची पानं हायत... ताई, माझ्यासाठी इतकं कुणी कधी केलंच न्हाई."

टाचणी रत्नप्रभाच्या बोटात गेली. पांढऱ्या कापडावर डाग पडू नये म्हणून तिने बोट चटकन तोंडात धरलं.

शिवदास संध्याकाळी आला. मामांशी अजून बोललो नाही, रात्री बोलतो, असं सांगू लागला. रत्नप्रभाने मशीनवरून मान वर केली नाही. ती ब्लाउज आत घेत होती.

"नका बोलू," ती म्हणाली.

"रत्नप्रभा..." त्याने पहिल्यांदाच नाव घेतलं. "मुंबईला आल्यापासून चार वर्षांत शकुला मी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. तुझ्याकडे बघून माप सांगितलं. चूक झाली."

"आता बरोबर केलंय."

"आणि माझं?"

"तुम्ही मामांचा खांदा पाहिलात ना? मी पण पाहिला. त्याच्यावर पाय ठेवून आपल्याला घर नाही बांधता यायचं."

गॅलरीत कुणाचा तरी रेडिओ लागला, बंद झाला. तिने ब्लाउजची घडी घातली, साडीत ठेवली, आणि पिशवी पुढे केली.

"आतलं कापड कापलं नाही मी," ती म्हणाली. "पुढे अंग भरेल तिचं. तेव्हा उसवलं की होईल मोठा."

त्याने ब्लाउजच्या बगलेतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. आत दुमडलेली जाड पट्टी हाताला लागली असावी. मग तो पिशवी घेऊन जिना उतरून गेला.

पौर्णिमेला पलीकडच्या वस्तीतून लाऊडस्पीकरवर वंदना ऐकू आली. रत्नप्रभा कुणाच्या तरी परकराला नेफा घालत होती. आई येऊन शेजारी बसली आणि तिच्या केसांत, पदरावर चिकटलेले पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे वेचू लागली. बराच वेळ वेचत राहिली.

मग मशीनकडे बघतच म्हणाली, "तां पांढरां लुगडां तुका बरां दिसत होतां गो."