निर्जंतुक

वल्लरीचा स्वभावच चौकस. उलटतपासणी घेतल्याशिवाय ती काकडीसुद्धा पिशवीत टाकत नसे. सातपूरच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची नोकरी तिला अगदी शोभायची. नणंदेच्या लग्नातली मेंदी अजून ताजी होती, आणि मेंदीने लालभडक रंगलेल्या नखांवर तिने हातमोजे चढवले की शेजारच्या टेबलावरचा आल्हाद विचारायचा, "नवरी नक्की कोण होती?"

त्या दिवशी सावित्रीबाई पाण्याचा कॅन घेऊन आल्या. इगतपुरीकडच्या एका पाड्यावर त्या शाळेतल्या पोरांचा भात रांधायच्या. डोंगरातला झरा शाळेच्या टाकीला जोडायचा होता. रिपोर्ट तेवढा बाकी होता.

"गुरं तोंड लावीत नाय त्याला," त्या म्हणाल्या. "माझी नात हाय शाळंत. नीट बघा, ताई."

वल्लरीने नीट बघितलं. क्षार बेताचे, विषारी काही नाही, जंतू शून्य. उघड्या झऱ्यात जंतू शून्य? तिला राहवेना. तिने त्या पाण्यात मुद्दाम घरच्या दह्याचा थेंब कालवला आणि बशी उबेला ठेवली. दुसऱ्या दिवशी बशी कोरी. मग गटाराचं पाणी मिसळलं. तरीही कोरी. क्लोरिनचा तर मागमूस नव्हता.

"यात काही उगवतच नाही रे."

"मग झकास की!" आल्हाद म्हणाला. "लोक त्यासाठी फिल्टर घेतात."

'काही उगवत नाही' असा रकाना रिपोर्टात नव्हता. सगळे आकडे मर्यादेत होते. रिपोर्ट न्यायला आलेल्या सावित्रीबाई तरीही घुटमळल्या, तेव्हा वल्लरीने त्यांच्यासमोर पेलाभर पाणी गटागटा पिऊन दाखवलं. थंडगार होतं, गोडही. मग 'पिण्यास योग्य'खाली तिने सही ठोकली.

दोन महिन्यांनी सावित्रीबाई पुन्हा दारात उभ्या दिसल्या आणि वल्लरी हातातलं काम टाकून पुढे झाली.

"पोरं आजारी पडली का?"

"नाय ओ. येक पोर खोकत बी नाय. लय बरी हायत." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "पन सोमवारी गुरुजी नखं बघतात ना पोरांची..."

"मग?"

"कापायला नखंच नाय. वाढतच नाय. नातीचा दात पडला, तिथं दुसरा येईना."

वल्लरी हसायला गेली, पण हसू आलं नाही.

तिने सावकाश हातमोजे काढले.

तळव्यावरची मेंदी केव्हाच उडाली होती. नखं मात्र लग्नाच्या दिवशी होती तशीच लाल होती. मुळाशी नव्या नखाची रेघसुद्धा नव्हती.