पिल्लावरची मरळ

सहल म्हटलं की लोक महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात. लातूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारा प्रीतम मात्र मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात बायको-पोरीला घेऊन तळी बघायला निघाला. जुन्या अल्टोच्या डिकीत मासे धरायच्या दोन छड्या, तंगुसाची म्हणजे नायलॉन दोऱ्याची रिळं, गळांचा डबा आणि त्यांच्यावर कशाबशा कोंबलेल्या महामायाच्या दोन पिशव्या. "लोकं बायकोला समुद्र दाखवतेत, तुमी मला चिखल दाखवायलाव," असं ती दार लावताना म्हणाली, पण म्हणताना हसत होती. हसण्यासारखंच होतं. कित्येक वर्षांत या घरानं बाहेर एक मुक्काम केला नव्हता.

त्याला कारण नऊ वर्षांची ऋतुजा. तिला बाळदमा. धूळ चालत नसे, वारं चालत नसे, गार पाण्याचं तर नावच नको. तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली की प्रीतम तिच्या पाठीला कान लावून बसे. डॉक्टर झाले, पंप झाला, वाफ झाली. शेवटी गेल्या मृगाला प्रीतमच्या सासूबाईंनी, म्हणजे निलंग्याकडच्या पारूबाईंनी, हट्टच धरला. राज्याच्या हद्दीपलीकडं एका खेड्यात एक म्हातारा वैद्य मृगाच्या दिवशी मासा द्यायचा. मरळीचं बोटाएवढं जिवंत पिल्लू, त्याच्या तोंडात पिवळं औषध भरायचं आणि पोरानं ते तसंच गिळायचं. प्रीतम असल्या प्रकारांवर पोटतिडकीनं भाषणं देणारा माणूस. पण आदल्याच आठवड्यात त्यानं पोरीचे निळे पडलेले ओठ पाहिले होते, आणि त्या ओठांपुढं त्याचं एकही भाषण टिकलं नाही. गाडी त्यानंच चालवली. ऋतुजानं डोळे मिटून गिळलं आणि "पोटात वळवळायलंय," म्हणून खुदकन हसली.

त्यानंतर शिट्टी वाजली नाही. वय वाढलं की दमा सुटतो, असं प्रीतम शाळेत सगळ्यांना सांगे, आणि तसं होतंही. माशाची गोष्ट तो काढत नसे. या खेपेला निघताना पंप पिशवीत टाकला का, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर कपाटातच राहिल्याचं कळलं असतं.

रेणापूरच्या धरणाचं पाणी चांगलंच मागं हटलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात कुणीतरी काकडी आणि टरबूज लावलेलं, त्यापलीकडं भेगाळलेली काळी जमीन, आणि मग एकदम लख्ख निळं पाणी. प्रीतम या धरणावर पहिल्यांदाच आला होता. पण मरळ कुठंही मरळच. त्याचं बालपण नदीकाठी गेलेलं, आणि त्या वयापासून त्याला या माशाचं वेड. बाकीचे मासे पाण्यातलीच हवा खातात. मरळ मात्र दम घ्यायला वर येते. तोंड जरासं बाहेर काढते, टुप् असा बारीक आवाज होतो, आणि ती पुन्हा खाली जाते. तळं आटलं तर चिखलात दडी मारून दिवस काढते. ओल्या गवतातून सरपटत या डबक्यातून त्या डबक्यात गेलेली मरळ त्यानं लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. इतका जिद्दी जीव पाण्यात दुसरा नाही, असं तो वर्गातही सांगायचा.

काठावरच्या बाभळीखाली व्यंकटी बसला होता. मासेमारीचा ठेका घेतलेल्याचा तो राखणदार. जाळं नाही, नुसत्या छड्या आहेत म्हटल्यावर त्यानं हातानंच "बसा" म्हणून खुणावलं. ऋतुजा धरणाच्या भिंतीच्या दगडांवर जाऊन पाण्यात पाय सोडून बसली. महामाया सवयीनं ओरडणार होती, पण पोरीची छाती कशी संथ वरखाली होतेय ते बघून गप्प राहिली. तिला ते दृश्य बघतच राहावंसं वाटलं.

प्रीतमनं गळाला रबरी बेडूक बांधला. हिरवा बेडूक, पण डोळे लाल. ते ऋतुजानं आईच्या नेलपॉलिशनं रंगवले होते, एक मोठा आणि एक बारका.

टुप्.

ऋतुजाच्या पायांपासून हातभर अंतरावर मरळ वर आली होती. प्रीतमनं आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या मरळींपेक्षा मोठी. पाठ काळीभोर, कुशीवर पिवळट पट्टे, डोक्याचं हाड रुंद, आणि शेपटी इतकी हळू हलत होती की पाणी डहुळत नव्हतं. माणसाची सावली पडली तरी ती हलली नाही. प्रीतम छडी धरून नुसता बघत राहिला.

"सर, गळ टाकू नगा," व्यंकटी मागून म्हणाला. "पिल्लावर हाय ती."

प्रीतमला वेगळं सांगायची गरज नव्हती. मरळीची पिल्लं पाण्यावर लाल घोळका करून फिरतात आणि आई त्यांच्या खाली पहारा देते. मधे काहीही आलं, बेडूक असो नाहीतर माणसाचा हात, ती अंगावर जाते. म्हणूनच ती पकडायला सगळ्यात सोपी, आणि म्हणूनच तिला कुणी पकडत नाही. गळ हातात देताना प्रीतमच्या बापानं पहिल्यांदा हेच शिकवलं होतं.

"पण पिल्लं कुठायत?" प्रीतम म्हणाला. "आणि असल्या आटत्या पाण्यात पिल्लं कुठली?"

व्यंकटीनं कपाळावर हात धरून पाणी न्याहाळलं. लाल घोळका कुठंच नव्हता. "ते बी खरं हाय," तो म्हणाला. "पर चाल पिल्लावरचीच हाय."

पिल्लं नाहीत तर नियमही नाही, असा हिशोब प्रीतमनं केला आणि बेडूक फेकला. मरळीनं त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. त्यानं बेडूक उड्या मारवत जवळ आणला. तो तिच्या आणि ऋतुजाच्या पायांच्या मधे आला मात्र, पाणी फुटल्यासारखं उडालं. छडी कमानीसारखी वाकली. रीळ किंचाळलं. काय ती ताकद! प्रीतमचे हात भरून आले आणि तरी तोंडातून "वा गं, वा गं" असं निघत राहिलं. मग तंगूस तुटला आणि तो मागच्या मागं दगडांवर बसला.

"तिला लागलं, पप्पा," ऋतुजा म्हणाली. तिनं पाय वर घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी निलंग्याकडं पारूबाईंच्या गावी मुक्काम होता. गावाच्या माळावर एक पाझर तलाव आहे. ना नदी, ना ओढा, नुसतं पावसाचं साचलेलं पाणी. गेल्या उन्हाळ्यात तो कोरडाठाक पडला होता आणि पोरं त्यात क्रिकेट खेळली होती. यंदा मधोमध कमरेएवढं पाणी शिल्लक होतं. "बोटाएवढ्या चिंगळ्या हायत त्याच्यात, जावईबापू," पारूबाई म्हणाल्या. "पर चला, लेकराला हवा तरी लागंल." त्यांनी भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घेतली.

ऊन कलायला लागलं होतं. माळावरून तापलेल्या मातीचा वास येत होता. ऋतुजा धावत पुढं गेली, चपला काढल्या आणि पाण्यात पाय सोडून बसली. तिला धावताना बघून पारूबाईंनी डोळ्याला पदर लावला. प्रीतम छडी जोडत होता.

टुप्.

तो आवाज त्यानं हजारात ओळखला असता. त्यानं मान वर केली. ऋतुजाच्या पायांसमोर, गढूळ उथळ पाण्यात, मरळ उभी होती. पाठ काळीभोर, डोकं रुंद. जबड्याच्या कडेला काहीतरी हिरवं लोंबत होतं.

प्रीतम गुडघ्यावर बसला. बेडकाचा एक डोळा मोठा होता आणि एक बारका. दोन्ही लाल.

कुणीतरी धरून इथं आणून सोडली असेल, हा पहिला विचार. पण कोण आणील, आणि बेडूक तोंडात तसाच ठेवून? रेणापूर इथून केवढं लांब. मधे डांबरी रस्ते, नांगरून पडलेली रानं, ओलाव्याचा एक थेंब नाही. मरळ जराशी कलली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, तिच्या पोटाखालची कातडी ठिकठिकाणी सोलून निघाली होती. खडीवरून घासत गेल्यासारखी.

"पप्पा, ती माझ्याकडं न्हाई बघत," ऋतुजा हळूच म्हणाली. तिनं फ्रॉकवर, बरगडीच्या खाली, गेल्या मृगाला मासा वळवळला होता तिथंच तळहात ठेवला. "हितं बघायलीय."

महामायानं आईकडं पाहिलं. पारूबाईंचा चेहरा उतरला होता. "लेकराला पाण्यातनं उचल," त्या म्हणाल्या. "आदी उचल तिला."

महामायानं ऋतुजाला उचलून मागं नेलं. मरळ काठाला आली, अगदी चिखलात घुसली, निम्मी पाठ उघडी पडली तरी मागं हटेना. प्रीतमला तो बेडूक हातात हवा होता. हातात आला की डोकं ठिकाणावर येईल असं त्याला वाटलं. छडीची गरजच पडली नाही. त्यानं वाकून दोन्ही हातांनी तिला उचललं आणि गळ काढण्यासाठी कल्ले दाबून धरले.

मागून शिट्टी आली.

वर्षभरानं येत होती, पण बापाचे कान कसे विसरतील? तो वळला. ऋतुजा आजीच्या मांडीवर पुढं झुकून बसली होती, खांदे उचललेले, गळ्याची खळगी आत ओढलेली.

"पंप!" महामाया पिशव्या उलट्या करत ओरडली. "ओ, पंप कुठाय?"

प्रीतमचे हात सैल पडले. मरळीनं तोंड उघडून हवा घेतली. शिट्टी उतरली.

मरळीनं हिसडा दिला. सुटेल म्हणून त्यानं सवयीनं पुन्हा आवळलं.

ऋतुजाचे ओठ निळे पडले.

त्यानं पकड सोडली. पोरीनं मोठा श्वास घेतला.

मग प्रीतमनं मरळीला एका हातावर तान्ह्या बाळासारखं पेललं, कल्ल्यांना बोट लागू न देता गळ सोडवला, आणि बुटांसकट पाण्यात शिरला. मधोमध नेऊन त्यानं तिला खाली धरलं. सोललेलं ते पोट त्याच्या तळहाताला लागलं आणि त्याला भडभडून आलं. "जा माय," तो म्हणाला. "चुकलं माझं. जा."

ती गेली नाही. त्याच्या पायाला वळसा घालून काठाकडं परतली, जिथं ऋतुजाच्या पावलांचे ठसे चिखलात उमटले होते, आणि तिथं थांबली.

भाकरीचं गाठोडं न सोडताच सगळे गाडीत बसले. पारूबाईंना घरी सोडून ते तसेच लातूरला निघाले. ऋतुजा मागच्या सीटवर आईच्या कुशीत गाढ झोपली, श्वास छान चालू होता. महामाया एवढंच म्हणाली, "आता पाणी नको." प्रीतमनं मान हलवली. पण गाडी चालवताना त्याच्या डोळ्यांपुढून ते पोट जात नव्हतं. मे महिन्यात, त्या तापलेल्या खडीवरून, एका लेकरासाठी! आपण एवढं केलं असतं का, असं त्यानं स्वतःला विचारलं, आणि भीती वाटत असतानाही त्याचा ऊर कौतुकानं भरून आला.

नंतरचे दिवस बरे गेले. प्रीतमनं औषधाच्या दुकानातून नवा पंप आणला, जुना होताच. बेडूक त्यानं धुऊन कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. अंगणातला हौद टँकरनं भरून घेतला आणि लोखंडी झाकणावर स्वतः दगड ठेवला. लातुरात सगळेच ठेवतात, मांजर पडू नये म्हणून.

रविवारी दुपारी जेवणं झाली. बाहेर उन्हानं रस्ता ओस पडला होता. कूलर घरघरत होता. महामाया आतल्या खोलीत आडवी झाली, ऋतुजा बाहेरच्या दिवाणावर कुशीवर झोपली, आणि प्रीतम तिच्या पायथ्याशी पेपर वाचत बसला.

मग लाईट गेली. कूलर घरघरत थांबला आणि घर एकदम शांत झालं.

जुन्या सवयीनं प्रीतमनं पेपर बाजूला ठेवला, वाकला आणि पोरीच्या पाठीला कान लावला.

शिट्टी नव्हती. काहीच नव्हतं.

त्यानं हात छातीवर ठेवला. छाती हलत नव्हती. पण ओठ गुलाबी होते, अंग गार आणि मऊ होतं, चेहऱ्यावर झोपेचं हसू होतं. तो तसाच वाट बघत राहिला, किती वेळ ते त्याला कळलं नाही.

अखेर झोपेतच ऋतुजाची हनुवटी जराशी वर झाली. ओठ उघडले. टुप्. आणि मिटले.

छाती पुन्हा स्थिर झाली.

प्रीतमनं कान उचलला नाही. म्हणूनच त्याला दुसरा आवाजही ऐकू आला. अंगणातून, दगड ठेवलेल्या झाकणाखालून, तेवढाच बारीक.

ऋतुजानं झोपेतच कूस बदलली आणि हौदाकडं तोंड केलं.