तळ्यावरची रांग

खळ्यावर ज्वारीची रास पडली होती. राखणीला बसलेल्या पोरांनी शेकोटी पेटवली होती आणि हिंमतराव घोंगडं पांघरून मध्ये बसले होते. कोणीतरी सहज विचारलं, "आबा, जुन्या तळ्याकडून रातचे लोक जात काऊन नाईत हो? रस्ता तर जवळचा हाये."

हिंमतरावांनी विडी शेकोटीवर धरली. पेटवली. दोन झुरके घेतले.

"इंद्रभान पेंटर माहीत हाये ना तुम्हाले? नांदुऱ्याले दुकानाच्या पाट्या रंगवते तो?"

"हाव. तुमचा आतेभाऊ."

"त्याच्यावर गुदरलेलं सांगतो. त्यानं मले सोताच्या तोंडानं सांगितलं. एकदाच. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही आन म्याही विचारलं नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. गावच्या हायस्कुलात रंगराव नावाचे एक मास्तर आले. अंगानं काटक, आवाज असा की कवायतीची आज्ञा नदीपलीकडच्या गुराख्यालाही ऐकू जावी. आल्या आल्या त्यांनी शाळा हलवून सोडली. सकाळी कवायत, दुपारी लेझीम, गॅदरिंगला नाटक, आणि दर शनिवारी श्रमदान. नुसती पुस्तकं वाचून देश उभा राहत नाही, असं ते म्हणत आणि स्वतः फावडं घेऊन पोरांच्या पुढे उभे राहत. म्हणून पोरांनाही ते आवडत.

इंद्रभान तेव्हा नववीत होता. उंच, हाडकुळा. लेझमीत त्याचा पाय हटकून चुकायचा. सगळी रांग डावीकडे वळली की हा उजवीकडे. मास्तरांनी त्याला आधी मागच्या ओळीत टाकला, मग ओळीतून काढलाच. पोरं हसली. पण हातात कुंचला दिला की हाच पोरगा वेगळा व्हायचा. नाटकाचा पडदा त्यानं एकट्यानं रंगवला होता. पडद्यावरचं झाड पाहून प्रेक्षकांतली एक म्हातारी म्हणाली होती, "बाई, सावली पडली की वं याची!"

त्या वर्षी श्रमदानाला जुनं तळं घेतलं होतं. गावापासून अर्ध्या कोसावर, वडनेरच्या अंगाला. तळं गाळानं भरलं होतं आणि बांध जागोजाग खचला होता. पोरांची रांग तळापासून बांधावर लागायची आणि मातीची घमेली हातोहात वर जायची. घे, वळ, दे. घे, वळ, दे. इंद्रभान या कामाला कंटाळायचा. तळव्यांना फोड यायचे. पण सव्वीस जानेवारीला पंचायत समितीचे साहेब बांध पाहायला येणार होते, आणि बांधावर लावायची पाटी मास्तरांनी त्याला रंगवायला सांगितली होती. त्या पाटीसाठी तो घमेलीही उचलत होता.

तेरा जानेवारी, सोमवार. भोगीचा दिवस. दुसऱ्या दिवशी संक्रांत आणि अमावस्याही. पाटी बांधावरच नेऊन, जागेच्या मापानं, इंद्रभाननं दिवसभर रंगवली. संध्याकाळी ती बाभळीला टेकवून वाळत ठेवली आणि घरी आला. तीळ लावलेली बाजरीची भाकर, भोगीची भाजी, वर लोणी. पोटभर जेवला. हात धुवायला अंगणात आला, तर ओट्याच्या फरशीवर दव लागलं.

रंग ओला होता. पाटीवर दव साचलं तर सगळी अक्षरं ओघळणार.

"माय, कंदील दे वं. पाटी घेऊन येतो."

सरस्वतीबाई, त्याची आई, चुलीपाशी होती. "आता? सकाळी आणजो ना."

"सकाळी काय आणू? काळं पाणी?"

बाप, कारभारी, खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "जाऊ दे त्याले. अर्ध्या कोसावर तर हाये. ये रे लवकर."

इंद्रभान निघाला. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती. वाटेत कोणी भेटलं नाही. भीती त्याला वाटली नाही. त्याच्या मनात साहेब होते. साहेब विचारतील, ही अक्षरं कोणी काढली? मास्तर सगळ्या शाळेसमोर आपलं नाव घेतील. याच विचारात तो बांधाखाली पोचला.

पाटी जागेवर होती. कंदील खाली ठेवून त्यानं बोटानं हळूच पाहिलं. रंग धरत आला होता. त्यानं पाटी कडेवर घेतली.

तेवढ्यात बांधावर आवाज झाला. थप्प.

माती पडल्याचा आवाज. महिनाभर ऐकत आला होता तोच.

थोड्या वेळानं पुन्हा. थप्प.

इंद्रभानला वाटलं, मास्तरांचंच काम. साहेब येणार म्हणून गावातली मोठी माणसं रात्री लावली असतील. त्यानं हाक मारली, "मास्तर? कोण हाये वर?"

वरून पुन्हा तेच. थप्प.

त्यानं कंदील उचलला. तळ्याच्या तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंत रांग उभी होती. माणसं, बाया, पोरं. खांद्याला खांदा लावून. टोपली हातोहात वर सरकत होती. बांबूची टोपली... शाळेची घमेली लोखंडाची होती. रांगेत कोणी खोकत नव्हतं. कोणी हसत नव्हतं. एवढी माणसं आणि श्वासाचाही आवाज नाही.

रांगेत एके ठिकाणी एका माणसाची जागा मोकळी होती. इंद्रभान नेमका तिच्यासमोर उभा होता.

खालच्या बाजूनं टोपलं पुढे आलं. देणारी एक लहान पोरगी होती. टोपल्याच्या वजनानं तिचे हात लटलट कापत होते. आता पडणार म्हणून त्यानं झटकन धरलं. एवढंच. पडतं ते धरलं. पाटी कडेवरून निसटली, कंदील पायाशी राहिला. वरच्या बाजूनं दोन हात पुढे आले, वाळल्या तुराट्यांसारखे. त्यानं वळून टोपलं त्या हातांत दिलं.

परत वळला तर दुसरं टोपलं आलेलं.

घेतलं. वळला. दिलं.

दहा-वीस टोपली गेल्यावर त्याच्या मनात आलं, आता पुरे, पाटी उचलून घरी जावं. त्यानं पाय उचलायला पाहिलं. पाय उचलला नाही. कोणी धरला नव्हता, कुठे रुतलाही नव्हता. नुसता... उचलला नाही. लेझमीत कधी न जमलेला ताल अंगात भरला होता. घे, वळ, दे. एकदाही चुकत नव्हता.

"मास्तर!" तो ओरडला. म्हणजे ओरडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही.

मग त्यानं धीर केला. पुढचं टोपलं घेतलं आणि वळलाच नाही. सरळ जमिनीवर ठेवून दिलं.

रांग थांबली.

थप्प आवाज थांबला. रातकिडे थांबले. आणि बांधाच्या माथ्यापासून एकेक मान... हळूहळू... त्याच्याकडे वळू लागली. वरून खाली. एकामागून एक. चेहरे दिसत नव्हते. कंदिलाचा उजेड तिथपर्यंत जात होता, तरी दिसत नव्हते.

शेजारची पोरगी तेवढी त्याच्याकडे पाहत नव्हती. खाली टोपल्याकडे पाहत होती. बारीक आवाजात म्हणाली,

"टाकू नको, दादा..."

इंद्रभाननं टोपलं उचललं.

रांग चालू झाली.

त्यानंतर तो फक्त तिच्याकडे पाहत राहिला. वर पाहायची हिंमत नव्हती. पोरगी सात-आठ वर्षांची असेल. अंगावर एक धडपा. प्रत्येक टोपल्याला ती अजून थोडी वाकायची. तो तिच्याकडे झुकायला लागला. ती अर्ध्यात असतानाच टोपलं ओढून घ्यायला लागला. तिचं ओझं जरा तरी कमी व्हावं म्हणून. पण खालून टोपली थांबत नव्हती. तो जितका लवकर घेई, तितकं लवकर तिच्या हातात दुसरं येई. त्याच्या मदतीनं तिचं काम वाढतच होतं. हे त्याला कळलं आणि त्यानं हात आखडले. तर ती टोपलं धरून ताटकळली. कापत. वाट पाहत.

घ्यावं तरी तिचे हाल. न घ्यावं तरी तिचेच.

त्याला रडू आलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

कंदील फडफडला. गेला.

अंधारात टोपली येत राहिली. तिचे हात त्याच्या हातांना लागत. गार. मग एकदा हात आले आणि टोपलं अर्ध्यातच खाली कललं. त्यानं सावरलं. मग काहीतरी मऊ, त्याच्या पायाशी बसल्यासारखं झालं.

"ऊठ..." तो मनातच म्हणाला. "ऊठ वं बाई..."

पुढच्या वेळी खालून हात आले. ते तिचे नव्हते. मोठ्या माणसाचे होते. राठ.

आणि हातात आलं ते टोपलं नव्हतं.

हलकं होतं. पिंजलेल्या कापसासारखं. एक बारीक हात त्याच्या मनगटावरून खाली लोंबला... केस त्याच्या कोपराला लागले...

त्यानं धरून ठेवायचं ठरवलं. जीव गेला तरी पुढे द्यायचं नाही. छातीशी आवळून धरायचं.

अंग वळलं.

हात पुढे झाले.

वरच्या हातांनी घेतलं.

...

थप्प.

आणि खालून पुढचं टोपलं आलं.

हिंमतराव इथे थांबले. विडी कधीच विझली होती. 

पोरगा परत आला नाही म्हणून कारभारी झुंजूमुंजू व्हायच्या आधी चार माणसं घेऊन तळ्यावर गेला. बांधाच्या उतारावर इंद्रभान एकटाच उभा होता. डोळे उघडे. रिकामे हात पुढे करायचा, वळायचा, रिकामेच हात पुढे द्यायचा. तळव्यांची सालटी निघाली होती. बापानं मिठी मारली तरी त्या मिठीतही तो वळतच होता. चौघांनी उचलून घरी आणला, तेव्हा कुठे हात थांबले.

ताप चढला. संक्रांतीच्या दिवशी घरात तीळगूळ तसाच राहिला. रंगराव मास्तर धावत आले, उशाशी बसले, आणि त्यांनी पोराचे सोललेले तळवे आपल्या हातांत घेतले. शेजारची तानुबाई आली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. इंद्रभान तुटक तुटक सांगत होता, तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पोरगी केवढी होती रे?"

त्यानं खाटेवरून हात केला. एवढी.

तानुबाईनं मान हलवली. "छप्पनच्या दुष्काळात, मी लहानी होती तवा, पाणीच नाही पडलं. इंग्रजानं दुष्काळी काम काढलं होतं, रोजाले मूठभर घुगऱ्या भेटे. थो बांध आम्हीच बांधला बापा. माय, मी आन माही बहीण. बनी. थे रांगेतच गेली. तिचं सरण कोन रचते? लाकूड कुठी होतं? जे रांगेत पडे ते बांधातच..."

 मास्तर खाली मान घालून बसले होते.

"काई बोलली का थे?" तिनं विचारलं.

"टाकू नको, दादा... असं म्हने."

"दादा म्हने?"

"हाव."

तानुबाईनं काठी जवळ ओढली. मग म्हणाली, "आम्हाले भाऊ नोता रे."

इंद्रभानच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आजी, म्या तिले धरून नाही ठेवलं. म्या तिले पुढं देल्लं."

"मायनं बी देल्लं होतं," म्हातारी म्हणाली, आणि काठी टेकत उठून गेली.

सव्वीस जानेवारीला साहेब आले. पाटी लागली, लेझीम झाली, भाषणं झाली. इंद्रभान गेला नाही. मास्तरांनी त्याला बोलावलंही नाही. त्या दिवसानंतर त्यांनी तळ्याचं काम बंद केलं. बांध आजही अर्धाच आहे.

"झाली गोष्ट?" एका पोरानं हळू आवाजात विचारलं.

"झाली." हिंमतरावांनी घोंगडं आवळलं. शेकोटीतला एक निखारा उगाच काडीनं परतला. "एक सांगाचं राह्यलं. त्या सकाळी मीबी त्याच्या घरीच होतो. पोराले खाटेवर टाकलं, आन आत्या त्याचा सदरा काढाले गेली. चिखलानं भरला होता ना. तं सदऱ्याच्या टोकाले गाठ मारेल होती. पक्की. त्याले विचारलं, तं त्याले काईच माहीत नाही. आत्यानं दातानं सोडली थे गाठ."

"काय होतं आबा?"

"मूठभर घुगऱ्या. ज्वारीच्या."

हिंमतराव अंधारात तळ्याच्या दिशेनं पाहत राहिले.

"गरम होत्या रे. वाफ निघून राह्यली होती."