थिजलेली बाटली

"वाळलं का गं?" हेमाने दारातूनच विचारलं.

विनिफ्रेडने नुसतं बोट दाखवलं. बोटाला मरियामातेच्या गालाचा गुलाबी रंग लागला होता. राफाएलच्या छापील चित्रावरून उतरवलेला तो चेहरा तीन आठवडे झाले तरी ओला तो ओलाच!

नाताळची सुट्टी संपत आली होती. हेमाचे वडील त्र्यंबकमास्तर ठाण्यात तैलचित्रं शिकवत आणि त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आधी जुन्या उस्तादाची नक्कल पुरी करायची, मगच जिवंत माणसाचा चेहरा! खालचा थर वाळल्याशिवाय वरचा लावायचा नाही. आणि विनिफ्रेडला तर आपल्या आजोबांचा चेहरा काढायचा होता. त्यांचा एकही फोटो नव्हता, आणि आताशा पेजसुद्धा दोन घोटांपुढे जात नव्हती.

"रंग जाड थापतेस. धीर नाही तुझ्या हातात!" मास्तर तपकीर ओढत म्हणाले होते.

ते तिला पटलं होतं, हेच वाईट. आपल्याला नाहीच जमणार. आजोबा असेच जाणार.

"मी उद्यापासून येणार नाही," ती म्हणाली आणि सामान आवरू लागली. एरवी ती दुपारी येई, आज मात्र कडाक्याच्या थंडीत सकाळीच आली होती. तिने रंगात मिसळायच्या तेलाची बाटली उचलली, तर आत पांढरं थिजलेलं!

"हेमा! जवसाचं तेल थिजतं?"

"छे! थिजतं ते खोबरेल!" हेमाने वास घेतला. "अगं, हे तर माझ्या वेणीचं तेल! टर्पेंटाइनच्या वासात कळलंच नाही!"

"खोबरेल? ते तर जन्मात वाळायचं नाही!"

दोघींची नजर एकदमच कोपऱ्यात गेली. तिथे हेमाच्या गोपीनाथकाकांची बॅट तेल चोळून कशी चकचकत होती! तेवढ्यात काका चहाचा कप घेऊन आत आले.

"काका," हेमा साळसूदपणे म्हणाली, "बॅटला खोबरेल चोळलंत म्हणे? खोपटच्या मॅचला पहिल्याच चेंडूत फुटणार!"

"खोबरेल? वेडी का खुळी! अस्सल जवसाचं चोळलंय, दादाच्या बाटली..." काकांनी जीभ चावली.

मास्तर दारातच उभे होते.

"आणि वरून खोबरेल ओतून ठेवलंस? चाळिशीचा घोडा झालास, गोप्या!" मग ते विनिफ्रेडकडे वळले. आवाज एकदम उतरला होता. "चुकलो मी, पोरी. तपकिरीने नाक मेलंय माझं. हात चांगला आहे तुझा. नक्कल राहू दे, आजच आजोबांना समोर बसव."

"आता त्यांना बसवत नाही, मास्तर. तीन आठवड्यांपूर्वी बसत होते."

मग काकांनीच ईझल खांद्यावर घेतला आणि तिच्या घरी नेऊन आजोबांच्या खाटेशी मांडला.

संध्याकाळी मास्तर तिने काढलेल्या आजोबांच्या चित्रासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. "हे मला नसतं जमलं," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी विनिफ्रेडने चित्रातल्या गालाला बोट लावलं. बोट कोरडं! मग तिने तेच बोट झोपलेल्या आजोबांच्या गालाला लावलं. ऊब होती अजून.