चंदाच्या लग्नाचा आवाज

गिरजाबाई चामोर्शीहून आल्या तेव्हा भर दुपार होती. त्यांनी पिशवीतून फिल्मचा गोल डबा आणि आवाजाची एक कॅसेट काढून खुशालच्या काउंटरवर ठेवली. चंद्रपुरात फिल्मची व्हिडिओ कॅसेट करून देणारा तेव्हा तो एकटाच.

"माह्या चंदाचं लगन हाय, भाऊ. तिच्या मामानं काढलं होतं. पोरगी तं वारली सासरी, कुरखेड्याले. ताप आला म्हनले." त्या थांबल्या. "तिचा आवाज आयकाचा हाय मले."

खुशालने खिडक्या लावून घेतल्या. फिल्म पडद्यावर पाडायची आणि ती व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपायची, अशी त्याची रीत. चित्र लुकलुकू नये म्हणून प्रोजेक्टर थोडा जोरात पळवावा लागे. मग चित्र लवकर संपे आणि कॅसेटचा आवाज मागे रेंगाळत राही. त्यावर उपाय सोपा होता. टेपच्या मोटरचा स्क्रू पिळायचा, की आवाजही जोरात पळून चित्राला गाठतो.

पडद्यावर पांढऱ्या साडीतली नवरी खाली मान घालून बसली होती. भोवती सगळे त्रिसरण म्हणत होते. त्या आवाजाखाली एक जड घरघर होती. जनरेटर असेल, असं म्हणत खुशालने स्क्रू पिळला. माणसांचे आवाज बारीक झाले. घरघरही बारीक झाली... आणि तिचे शब्द झाले.

"आई..."

खुशालचा हात स्क्रूवरच राहिला. पडद्यावर सगळ्यांचे ओठ 'बुद्धं सरणं'वर हलत होते. नवरीचे मात्र वेगळेच हलत होते, आणि त्या शब्दांशी तंतोतंत जुळत होते.

"आई, पोळ्याले आली होती मी. दार काऊन नाई उघडलं?"

अंधारात बाकावरून गिरजाबाईंचा श्वास ऐकू आला.

"भाऊ... हे लगन चैताचं हाय. पोळा तं त्याच्या मागून आला."

चित्र संपलं. पडदा कोरा झाला. आवाजही तिथेच संपायला हवा होता. खुशालने मोजूनमापून तसाच बसवला होता. पण तो चालूच राहिला.

"कडी वाजवली, आई. तू आत होती. तुह्या बांगड्या वाजल्या."

त्याने बटण दाबलं. कॅसेटची चाकं थांबली. खोलीत जळक्या केसांसारखा वास सुटला.

"आता मी बोलीन... अन् तू चूप राहाशील."

खुशालने वायर हिसडली. तेव्हा कुठे आवाज थांबला. गिरजाबाई टेपला कान लावून उभ्या होत्या.

"आनखी का म्हनते थे? लाव ना, भाऊ."

"नाई, बाई. आवाज नाई टाकत मी याच्यात. मुकीच न्या."

त्याने त्यांना मुकी व्हिडिओ कॅसेट दिली, एक प्रत नेहमीप्रमाणे स्वतःकडे ठेवली आणि बाईंना उन्हातून एसटीपर्यंत पोचवलं. गाडी हलली तरी त्या खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांचा भाऊ, वामनराव, दुकानात आला. बाई घरी पोचल्याच नव्हत्या. कंडक्टर म्हणे, सीटवर नुसती पिशवी होती.

"इथी आली होती ना थे?"

"आली होती. हेच न्यायले आली होती." खुशालने आपल्याकडची प्रत लावली.

नवरी तशीच बसली होती. भोवती माणसं मुक्याने त्रिसरण म्हणत होती. वामनराव पुढे झुकला आणि त्याने खुशालचं मनगट घट्ट पकडलं.

"हे लुगडं... कालच नेसून निंघाली होती थे."

नवरीला खेटून गिरजाबाई बसल्या होत्या. डोळे फाडून सरळ कॅमेऱ्याकडे बघत होत्या. चंदाची मान खालीच होती, आणि तिचा मेंदी लावलेला हात आईच्या तोंडावर गच्च दाबलेला होता.