पहिल्या माशाचा ठिपका

मेणाचं तबक जागेवर नव्हतं.

रत्नमालानं फळीवरून दोनदा हात फिरवला. पाच वर्षांपूर्वी नजर गेली, तेव्हापासून भंडाऱ्याच्या या पितळेच्या कारखान्यात ती बोटांनीच नक्षी रचायची. ती मेणात कोरायची आणि तिचे गुरू परसरामकाका ते पितळेवर उतरवायचे. काकांना जाऊन दोन महिने झाले होते.

या तबकावर तिनं वैनगंगेचे आठ मासे गोल फिरवले होते. पहिल्या माशाच्या शेपटीशी, नेहमीसारखा, सुईनं ठिपका दिला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका जिथं काम करायचे, त्या मागच्या बंद खोलीतून आवाज आला. तीन ठोके, मग ऐरणीवर एक रिकामा. असे ठोके फक्त काका मारायचे.

चार दिवस हेच चाललं. "म्हातारा काम अर्धं टाकून गेला ना," म्हणत कामगारांनी मागं जाणं सोडलं. रत्नमालालाही भीती वाटायची, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा काकांची आठवणच जास्त छळायची. चौथ्या दिवशी तिनं दाराशी जाऊन हळूच हाक मारली. ठोके थांबले.

पाचव्या दिवशी मालक तुलारामनं तिला बोलावलं. काकांचा मुलगा अमरही तिथं होता.

"हे पितळी तबक अमरले बापाच्या पेटीत भेटलं. आठ मासे हायेत. लोक म्हणून राहिले, आंधळी कायची नक्षी काढते, म्हाताऱ्याचीच उचलते. आता तूच सांग, तुले कामावर कसा ठेवू?"

नक्षी गेली तर तिच्याकडे उरत काय होतं? तिनं तबक मांडीवर घेतलं आणि बोटं फिरवली. एक फेरी झाली. मग दुसरी, सावकाश.

"अमर, मागच्या खोलीची दुसरी किल्ली कोणाजवळ होती?"

"बाबाजवळ. भेटली नाई."

"पेटी भेटली, किल्ली नाई?"

तिचं बोट एका माशावर थांबलं.

"शेपटीशी हे ठिपके काहून?"

"शोभेले. बाबा नेहमी द्यायचा."

"भाऊ, काकाचं भिंतीवरचं तबक पाहा. एक तरी ठिपका हाय का?"

तुलारामनं ते उतरवून उजेडात धरलं. "नाई बा."

"भूतबित काही नव्हतं, भाऊ. मी हाक मारली की काका 'ये पोरी' म्हणायचे. इथं ठोकेच थांबले. अमर लहानपणापासून बापाच्या हातोडीखाली वाढला, ठोके हातात तसेच बसले. बापाच्या किल्लीनं आत जाऊन यानं माझं मेण पितळेवर उतरवलं. पण मेणात ठिपका एकच होता. नक्षी कुठून सुरू होते, ते माझ्या बोटाले कळावं म्हणून. काका तो पितळेवर घेतच नव्हते. अमरले वाटलं, आंधळी बाकीचे सात विसरली. यानं कीव करून माझी चूक सुधारली. आता बोटं फिरवली, तर सुरुवातच सापडत नाई."

तुलारामनं तिच्या मांडीवरच्या तबकावरचे ठिपके मोजले, आठ होते.

"जो तो तुझंच नाव घेत होता, ताई," अमरचा आवाज फुटला. "बाबाले सारे विसरले."

"तो ठिपका मले कोणी शिकवला, माहीत हाय? नजर गेली तवा मी घरी बसून होती. तुझा बाप मेण घेऊन आला. सुईनं एक ठिपका दिला, माझं बोट त्यावर ठेवलं न् म्हणाला, इथून सुरू कर."

अमरनं खिशातली किल्ली तिच्या हातावर ठेवली. ती कोमट होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मागची खोली गप्प होती. रत्नमाला तरीही दाराशी कान देऊन उभी राहिली.