बिनकडीची खोली

२०१९ सालचा मे महिना होता. नागपुरात त्या वर्षी ऊन असे तापले होते की दुपारी गल्लीतली कुत्री नळाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडत आणि कोणी हाकलले तरी उठत नसत. नेमक्या त्याच दिवसांत ऋषिकेशकाकाने मानेवाड्याच्या घराची मोडतोड काढली. घर त्याला साधे, मोकळे आणि आजच्या पद्धतीचे करायचे होते. मोबाइलवर त्याने तशी घरे पाहून ठेवली होती. पांढऱ्या भिंती, एक खिळा नाही, एक कोनाडा नाही.

त्याच्या बारा वर्षांच्या पुतणीला, गुंजनला, आधी याची मजा वाटली. तिचे आईबाबा नोकरीला जात, ते संध्याकाळीच येत. मग दिवसभर ती, तिचा धाकटा भाऊ पिंटू आणि सुट्टीला आलेला आतेभाऊ रजत, तिघे मिळून घरात काय काय नाहीसे झाले ते शोधत फिरत. कॅलेंडर गेले, खुंट्या गेल्या, देवाच्या कोनाड्यात सिमेंट भरले. पण खरी कमाल होती बापूजींच्या खोलीचे दार. त्याला ना कडी, ना मूठ. बंद झाले की ते शेजारच्या पांढऱ्या भिंतीसारखेच दिसे. बाहेरून तळव्याने दाबले की आत उघडे. आतून ओढायला सुतार एक खाच करून देणार होता, पण तो मध्येच लग्नाला म्हणून वर्ध्याला निघून गेला. तोवर दार लागू नये म्हणून काकाने तिथे एक वीट ठेवली आणि तो विषय विसरून गेला.

बापूजी म्हणजे गुंजनचे आजोबा. त्यांनी उभा जन्म एस.टी. चालवली होती. उन्हाचे त्यांना काही नव्हते, पण खोलीतला कूलर बंद झाला याचे होते. ज्या खिडकीत तो वर्षानुवर्षे घरघरत होता, ती काकाने आतून प्लायवूडने झाकून पांढरी करून टाकली होती. कूलर बाहेर, मागच्या अंगणात, लोखंडी स्टँडवर तसाच उभा होता, भंगारवाल्याची वाट बघत. वर एसी लागला होता. त्याची वायर जोडायची होती.

"माह्या खोलीत मलेच दार सापडून नाही राहिलं," त्या दिवशी सकाळी बापूजी म्हणाले. "मी जातो वच्छलेकडे हिंगण्याले. तुमचं घर तुमाले राहू द्या."

वच्छला म्हणजे रजतची आई. काकाने हसून सांगितले की आधी ऊन तर उतरू द्या. मग तो आणि मिनलकाकू जुनी पितळी भांडी मोडीत द्यायला इतवारीच्या बाजारात निघाले. नव्या स्वयंपाकघरात पितळ शोभणार नव्हते. भांडी धरायला त्यांनी रजत आणि पिंटूलाही गाडीत कोंबले. जाताजाता काकूने केर काढला आणि केर काढताना ती वीट उचलून अंगणात ठेवली.

थोड्या वेळाने बापूजी सुपारीचा डबा घ्यायला खोलीत गेले. गुंजन पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागे गेली. तेवढ्यात समोरच्या दारातून गरम वाऱ्याची एक झुळूक आली आणि मागे टक्कन आवाज झाला.

गुंजनने वळून पाहिले तर दार नव्हते. भिंत होती.

सुरुवातीला दोघांनाही हसू आले. बापूजींनी विचारले, की बाई, कंडक्टर घंटी द्यायला विसरला काय? गुंजनने फटीत नखे घालून पाहिली. फट इतकी बारीक होती की नखच मोडले. मग तिने दारावर थापा मारल्या, पण मागच्या अंगणात फरशी कापायची मशीन सुरू झाली होती. मशीनच्या किंचाळण्यापुढे कशाचाच आवाज पोचेना. बापूजींचा फोन तर स्वयंपाकघरात चार्जिंगला होता.

खोली तापत गेली. ताज्या रंगाचा वास नाकात चढू लागला. गुंजनने अर्धी बाटली बापूजींना दिली. त्यांनी एक घोट घेऊन ती परत तिच्याच हातात दिली.

बऱ्याच वेळाने बाहेर माणसांचे आवाज आले. काका परत आला होता. मशीन मध्येच थांबली होती. गुंजनने दाराला कान लावला. स्वयंपाकघरात बापूजींचा फोन वाजला आणि काका वैतागून म्हणाला, "फोन इथंच टाकून गेले. गुंजनलाही नेलं वाटतं हिंगण्याला."

"वच्छलाताईंना विचारा," काकू म्हणाली.

"ती शिफ्टमध्ये असते. रात्री विचारू."

गुंजन जीव तोडून ओरडली. पण नेमकी तेव्हाच मशीनही पुन्हा तितक्याच जोराने ओरडू लागली. मग काहीतरी जड घासत आले आणि धप्प करून दाराला टेकले. ती नव्या कपाटाची खोकी होती. इथे भिंत आहे असे समजून काकाने ती तिथेच रचली.

गुंजनला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. बापूजी भिंतीला टेकून खाली बसले होते. त्यांचा घाम थांबला होता, कातडी कोरडी आणि गरम लागत होती. ते हळू आवाजात काटोलच्या रस्त्याबद्दल बोलत होते, जणू गाडीच्या स्टिअरिंगवरच बसलेत. काटोल कुठे आणि ही खोली कुठे! तिने उरलेले पाणी त्यांच्या कपाळावर लावले आणि बाटली रिकामी झाली.

रात्रीपर्यंत थांबून चालणार नव्हते.

तिने भिंती ठोकायला सुरुवात केली. टक्, टक्, टक्, सगळीकडे घट्ट. पण एका जागी आवाज बदलला. पोकळ. कूलरची खिडकी! दर उन्हाळ्यात याच जागी उभे राहून ती, रजत आणि पिंटू कूलरच्या पंख्यात तोंड घालून 'आऽऽ' करत. पंखा आवाजाचे तुकडे करून परत देई.

"बापूजी, तुमचा अडकित्ता द्या."

"काहून वं? सुपारी खातेस काय?" ते क्षीण हसले, पण बंडीच्या खिशातून अडकित्ता काढून त्यांनी दिला.

प्लायवूड बारीक खिळ्यांवर बसवले होते. गुंजनने अडकित्त्याचे टोक खालच्या कोपऱ्यात घुसवले आणि सगळे वजन टाकले. पांढरा रंग तडकला. एक खिळा निघाला, मग दुसरा. तिसऱ्याला अडकित्ता वाकला. तिने बोटे आत घातली, भिंतीला पाय लावला आणि ओढले. बोटांतून रक्त आले, पण पत्रा उचकटावा तसे प्लाय वर उचलले गेले. मागे कूलरची जुनी जाळी होती. जाळीमागे धुळीने भरलेला पंखा. बाकी तिन्ही बाजूंनी खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या गवताच्या, सुकलेल्या जाड टट्ट्या, त्यामुळे पलीकडचे काही दिसेना.

जाळीची एक पट्टी कधीचीच तुटलेली होती. तिच्यातून हात घालून गुंजनने पंखा फिरवला. पंखा करकरला. तिने पुन्हा फिरवला, पुन्हा, आणि त्यात तोंड घालून ओरडली, "रऽजऽत!"

बाहेर काय चालले होते ते तिला नंतर कळले.

इतवारीहून आल्या आल्या रजतला खुर्चीच्या पाठीवर बापूजींचा दुपट्टा दिसला होता. त्याच्या गाठीत कांदा होता. बापूजी उन्हात निघाले की कानांवरून दुपट्टा आणि सोबत कांदा असल्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नसत. लू लागू नये म्हणून एस.टी.तली सवय. रजतने हे काकाला सांगितले, तर काका म्हणाला, दुसरा नेला असेल.

"दुसरा नाहीच आहे त्यांच्याकडे," रजत पिंटूला म्हणाला. "ते घरातच आहेत."

दोघांनी गच्ची पाहिली, न्हाणीघर पाहिले, पलंगाखाली पाहिले. बापूजींच्या खोलीपुढे खोकी रचलेली होती, म्हणजे आत कोणी नसणार असे त्यांनी धरले. अंगणात आले तेव्हा कारागीर मशीन थांबवून चहा घेत होते. पिंटू एकदम उभा राहिला.

"दादा, कूलर चालू आहे."

"वायर कापलेली आहे त्याची, येड्या."

"पण बोलून राहिला ना तो!"

रजतने धावत जाऊन खसाची टट्टी खस्सकन वर ओढली. पंख्याच्या पात्यांमधून एक रक्ताळलेला हात त्याच्याकडे आला.

त्याने आधी काही विचारले नाही. दुपट्टा नळाखाली धरून पिळला आणि पात्यांमधून आत सरकवला. मग पिंटूला तिथेच पाण्याची बाटली देऊन उभे केले आणि घरात जाऊन काकाला सांगितले, की बापूजी तुझ्या भिंतीत आहेत.

त्यानंतरचा तमाशा घरात पुढे कित्येक वर्षे सांगितला गेला. काका पांढऱ्या भिंतीवर दोन्ही तळवे आपटत इकडून तिकडे धावत होता आणि त्याला त्याचेच दार सापडत नव्हते. शेवटी रजतने खोकी ओढून बाजूला केली, जमिनीवर दाराच्या कडेची रेघ शोधली आणि तिथे खांदा मारला. दार उघडले. आत बापूजी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसले होते आणि गुंजन त्यांना प्लायच्या तुकड्याने वारा घालत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावली आणि आणखी उशीर झाला असता तर काय झाले असते ते काकाला बाहेर नेऊन सांगितले. काका परत आला तेव्हा त्याचा चेहरा भिंतीहून पांढरा होता. तो बापूजींच्या पायाशी बसून राहिला.

"जाऊ दे गा," बापूजी म्हणाले. मग तिघा मुलांकडे वळले. "मी इतक्या गाड्या चालवल्या, पण माहे पोट्टे सोबत असते तर कुठंच अडकलो नसतो."

दुसऱ्याच दिवशी खिडकीवरचे उरलेले प्लाय निघाले आणि कूलर सुरू झाला. इतवारीतून अंघोळीच्या पाण्याचे एक मोठे गंगाळ मात्र परत आले होते, कारण पिंटू दुकानात त्यात जाऊन बसला आणि उठेचना. काकाने गंगाळाची एक पितळी कडी काढली आणि पांढऱ्या दारावर आतून ठोकली. मोबाइलवरच्या कुठल्याही घरात तशी कडी नव्हती.

बापूजी आणखी चार उन्हाळे त्या खोलीत झोपले. पाचव्याच्या आधी, हिवाळ्यात, झोपेतच गेले. वच्छलाआत्या निवृत्त झाली आणि हिंगण्यालाच राहिली. काका आता दुसऱ्यांची घरे सजवून देतो. दार बसले की आधी स्वतः आत जाऊन ते लावून घेतो आणि मगच पसंत करतो. मिनलकाकूच्या स्वयंपाकघरात पितळेची भांडी पुन्हा आली आहेत. रजत पुण्याला इंजिनिअरिंग करतो आणि तिथल्या मित्रांनी कितीही चिडवले तरी मे महिन्यात खिशात कांदा ठेवतो. गुंजन यंदा आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला गेली. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर बारीक पांढरे वण आहेत.

पिंटू तेरा वर्षांचा झाला, त्याचा आवाज फुटायला लागला आहे. तरी कूलर लागला की कोणी बघत नाही असे पाहून तो त्यात तोंड घालतो. आता तो 'आऽऽ' करत नाही. बापूजींना हाक मारतो आणि पंखा ती हाक तुकडे करून परत देतो.